तार की वारा? : घरच्या लॅपटॉपचा प्रश्न



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी फोनवरून मला विषय विचारला. मी तो सांगितला आणि पलीकडे एकदम शांतता पसरली. फोन तुटला की काय, असे वाटून मी दोनदा ‘हॅलो’ म्हणालो. फोन तुटला नव्हता. चिटणीस विचारात पडले होते. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. या व्यासपीठावर काल अर्थकारण झाले, उद्या संतवाङ्मय व्हायचे आहे. या दोहोंच्या मध्ये ‘घरच्या लॅपटॉपला इंटरनेट तारेने आणावे की तारेवाचून’ हा विषय म्हणजे पंचपक्वान्नांच्या पंक्तीत मिठाची वाटी. परंतु पानात मीठ वाढायचे राहिले तर काय होते, हे आपणांस सांगावयास नको.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ज्या गोष्टींचा आपल्या जगण्यावर परिणाम होतो त्यांचा नागरिकांनी एकत्र बसून विचार करावा, असा या परंपरेचा अर्थ मी समजतो. आज घरातल्या मुलाचा अभ्यास, सुनेची नोकरी, आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, परदेशी गेलेल्या लेकीचे दर्शन, हे सारे एकाच वाटेने घरात येते. ती वाट निवडताना मात्र आपण तांदूळ निवडण्याइतकाही वेळ देत नाही. शेजाऱ्याने जे घेतले ते आपण घेतो, आणि पुढे वर्षभर कुरकुरतो.

मीही तसेच केले. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण या विषयात मी पडलो तो तिच्यामुळे.

आमचे घर जुने आहे. मातीविटांच्या, हातभर जाडीच्या भिंतींचे. चार वर्षांपूर्वी आम्ही फायबरची जोडणी घेतली. ती बसवावयास आलेल्या माणसाने विचारले, “राउटर कुठे लावू?” मी म्हणालो, “टीव्हीजवळ लाव.” एवढ्यावर आमचा विचार संपला. त्याच सुमारास माझी पुतणी पदवी घेऊन नोकरी शोधीत आमच्याकडे राहावयास आली. तिला पहिली मुलाखत आली ती लॅपटॉपवरूनच द्यावयाची होती. त्या दिवशी दिवाणखान्यात पाहुणे होते, म्हणून ती मागच्या खोलीत दार लावून बसली. मुलाखत घेणाऱ्यांचे प्रश्न तिला अर्धेच ऐकू येत. तिची उत्तरे त्यांना तुटक ऐकू जात. तिने दोनदा क्षमा मागितली. तिसऱ्यांदा चित्रच गोठले. पुन्हा जोडणी मिळेतो त्यांची वेळ संपली होती. चार दिवसांनी नकाराचे पत्र आले. नकार केवळ त्यामुळेच आला असे मी म्हणत नाही. ते मला कळण्याचा मार्ग नाही. पण दार उघडून बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, “काका, मला उत्तरं येत होती.” ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मी रागावलो. ज्यांची जोडणी होती त्यांच्याकडे तक्रार केली. पलीकडच्या गोड आवाजाने सांगितले की, आपली योजना लहान आहे, मोठी घ्या. मी सेकंदाला ५० मेगाबिटांच्या जागी २०० मेगाबिटांची योजना घेतली. पैसे जवळजवळ दुप्पट झाले. मागच्या खोलीत फरक पडला नाही. मग पुन्हा तक्रार. मग एक तरुण तंत्रज्ञ आला. त्याने पिशवीतून एक लांब तार काढली, तिचे एक टोक राउटरला आणि दुसरे स्वतःच्या लॅपटॉपला लावले, आणि आकडा दाखविला : २०० ला थोडे कमी. मग तार काढून तो लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेला. तेथे आकडा ६ आणि ९ यांच्या दरम्यान खाली-वर होत होता. तो हसून म्हणाला, “काका, तुमची लाइन ठीक आहे. तुमची भिंत ठीक नाही.”

त्या मुलाच्या या दोन वाक्यांत माझे आजचे सर्व व्याख्यान आले. बाकीचे सारे त्यावरचे भाष्य समजा.

आपण ‘तार की बिनतारी’ असा एक प्रश्न विचारतो; वास्तविक ते दोन प्रश्न आहेत. पहिला : इंटरनेट रस्त्यावरून माझ्या घरापर्यंत कसे यावे? दुसरा : घरात आल्यावर ते राउटरपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत कसे जावे? पहिल्या प्रश्नाला फायबर, मोबाइलचा टॉवर, उपग्रह अशी उत्तरे आहेत. दुसऱ्याला वायफाय किंवा साधी तार अशी दोनच. आपल्या बोलीत मात्र या दोहोंची खिचडी झाली आहे. ‘आम्ही घरी वायफाय घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपण घेतलेले असते फायबर, म्हणजे तार; वायफाय हा त्या तारेचा घरातला शेवटचा टप्पा असतो. रोग दुसऱ्या टप्प्यात आणि औषध पहिल्या टप्प्याला, असा प्रकार माझ्या घरी झाला, आणि मला खात्री आहे की येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी आजही चालू असेल.

दोन्ही प्रश्नांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगतो, कारण तार आणि वारा यांचे हे भांडण नवे नाही.

आपल्या देशात पहिली प्रायोगिक तारयंत्राची ओळ १८५० च्या सुमारास कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान पडली. १८७० साली सुएझहून एडनमार्गे समुद्राच्या तळातून तार मुंबईला येऊन पोहोचली, आणि विलायतेची बातमी आठवड्यांऐवजी तासांत येऊ लागली. पुढे १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग करून दाखविला : विद्युल्लहरी भिंतीतून पार गेल्या आणि पलीकडे घंटा वाजली. बिनतारीचा आपल्याकडचा पहिला जाहीर चमत्कार हा भिंत ओलांडण्याचा होता, हे ध्यानात ठेवा. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संकेत पोहोचविला, तेव्हा ‘आता तारेचा जमाना संपला’ असे पुष्कळांना वाटले. तारेने पाठवावयाचा संदेश, ज्याला आपण नुसते ‘तार’ म्हणत असू आणि जो दारात आला की घरातल्या बायकांच्या काळजात धस्स होई, तो आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाला हे खरे. पण तार संपली नाही. तांब्याची होती ती काचेची झाली.

१९६६ मध्ये चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने असे दाखविले की, काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल आणि त्यावरून संदेश पाठविता येतील. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगातील देशांना जोडणारे इंटरनेट बहुतांशी याच काचेच्या तारांवरून, समुद्राच्या तळातून जाते. त्यांतल्या अनेक तारा आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या अशा तारा तुटल्या आणि हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांतले इंटरनेट मंदावले. ज्यांच्या हातात बिनतारी यंत्र होते त्यांचेही मंदावले. कारण उघड आहे. आपला मोबाइल टॉवरपर्यंतच बिनतारी असतो. टॉवरपासून पुढे कधी लगेच, कधी एकदोन टप्प्यांनंतर, तारच असते. तेव्हा तार असावी की नसावी हा वादच नाही. तार आहेच. ती आपल्यापासून किती अंतरावर थांबावी, एवढेच आपल्याला ठरवावयाचे आहे.

आता पहिला प्रश्न : घरापर्यंत काय आणावे?

येथे वेगाच्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्या देशात ५जी सुरू झाले, आणि मोकळ्या मैदानात, टॉवर समोर असता, त्याचा वेग पाहून कोणीही म्हणेल की तारेची गरज काय? परंतु पाहावयाचा तो वाटेकऱ्यांचा प्रश्न. जुन्या वाड्यात अंगणात एकच नळ असे. पहाटे चारला त्याला धो धो पाणी; सकाळी सातला बिऱ्हाडे बादल्या घेऊन उभी राहिली की तोच नळ, तीच तोटी, पण प्रत्येकाच्या वाट्याला तांब्याभर. मोबाइलचा टॉवर हा वाड्यातला नळ आहे. त्याच्या टापूत जितके फोन आणि लॅपटॉप, तितके वाटेकरी, आणि ही संख्या ठरलेली नसते. मिरवणुकीच्या रात्री चौकातून साधा फोनही लागत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. रात्री नऊच्या सुमारास सारी वस्ती जेवून चित्रपट पाहावयास बसते तेव्हा लहान प्रमाणावर रोज मिरवणूकच असते.

प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, फायबरही सर्वस्वी आपल्या एकट्याचे नसते. घरोघर फायबर नेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत केंद्राकडून येणारा एक तंतू वाटेत फोडून ३२ किंवा ६४ घरांना देतात. या पद्धतीत त्या एका तंतूवर घरांकडे सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट येतात. त्याला ३२ ने भागा : सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण तोटी सोडली तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ मेगाबिट राहतात. आणि सर्वजण एकाच क्षणी पूर्ण तोटी सोडीत नाहीत. येथे वाटेकरी मोजलेले आहेत, मिरवणूक आली तरी ते वाढत नाहीत. तारेचा खरा गुण हा आहे. ती नेहमीच अधिक वेगवान असते असे नाही, परंतु आज सकाळी जेवढी देते तेवढेच रात्रीही बव्हंशी देते. मुलाखत, परीक्षा, वैद्याशी बोलणे, कचेरीची बैठक या कामांना वेगापेक्षा हा भरवसाच अधिक लागतो. धावणारा घोडा शर्यतीला चांगला. रोज दूध घालावयास सांगितल्या वेळी येणारे तट्टू हवे.

दुसरी गोष्ट मापाची. मोबाइलच्या बहुतेक योजनांत दिवसाला एकदोन जीबी मिळतात. चित्रासह चालणारी एक तासाची बैठक साधारण एक जीबी खाते. दोन मुलांचे वर्ग आणि एका मोठ्या माणसाची कचेरी एवढे घरात असेल तर दुपारपर्यंत शिधा संपलाच. २०२० च्या टाळेबंदीत हे आपण घरोघर पाहिले आहे. तारेच्या योजनांत हे माप पुष्कळच मोठे असते. सामान्य कुटुंबाला ते महिनाअखेरही जाणवत नाही.

तिसरी गोष्ट जाण्याच्या वेगाची. आपण येणाऱ्या वेगाचा आकडा पाहतो. पण बैठकीत आपला चेहरा आणि आपला आवाज बाहेर जावयाचा असतो. फायबरच्या पुष्कळ योजनांत येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखा असतो. मोबाइलवर जाण्याचा वेग बहुधा बराच कमी पडतो. योजना घेताना हा दुसरा आकडा मुद्दाम विचारावा. विकणारा तो आपण होऊन सांगत नाही.

आता तारेचे दोष. रस्ता खणला की तार तुटते, आणि आपल्या नगरांत रस्ता खणला गेला नाही असा महिना विरळा. गच्चीवरून लोंबत आलेली तार माकडे, उंदीर आणि रंगारी या तिघांच्या तावडीत असते. दिवे गेले की राउटर बंद पडतो. त्याला एक लहानसा बॅटरीचा डबा मिळतो, तो घ्यावा. घर बदलले की तार मागे राहते. ज्याची भाडेचिठ्ठी ११ महिन्यांची आहे, ज्याची नोकरी फिरतीची आहे, ज्याच्या गावात अजून फायबर घरापर्यंत आलेच नाही, ज्याची सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही, त्याने बिनतारी घ्यावे, आणि ते घेताना आपण काही कमी प्रतीचे घेतले असे मनात आणू नये. फक्त आधी दोन दिवस मित्राचा फोन उसना घेऊन, रात्री नऊ वाजता, जेथे बसून काम करावयाचे त्याच जागी तपासून पाहावे. एका कंपनीचा टॉवर एका खिडकीला चांगला आणि दुसऱ्या कंपनीचा दुसऱ्या खिडकीला, असे एकाच घरात घडते.

२०२३ पासून ‘एअरफायबर’ या नावाने एक मधला मार्ग निघाला आहे. नावात फायबर असले तरी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा त्यात हवेतूनच येतो. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर टॉवरकडे तोंड केलेले यंत्र बसवितात, म्हणून हातातल्या फोनपेक्षा ते स्थिर चालते. परंतु नळ वाड्याचाच राहतो. उपग्रहाचा मार्ग दुर्गम ठिकाणी उपयोगी. पण जो उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. प्रकाशाच्या वेगानेही प्रश्न जाऊन उत्तर यावयास सुमारे अर्धा सेकंद लागतो. पत्र वाचणाऱ्याला हा अर्धा सेकंद काहीच नाही. संभाषण करणाऱ्याला तो सारखा अडखळवितो.

आता दुसरा प्रश्न : घरातले शेवटचे पंधरा-वीस फूट. माझ्या पुतणीची मुलाखत मोडली ती याच पंधरा-वीस फुटांत.

वायफाय हा एक लहानसा बिनतारी प्रक्षेपक आहे. त्याची पहिली जागतिक मानके १९९७ मध्ये ठरली. तो मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याचा आवाज भिंतीतून दूर जातो, पण तेथे गर्दी फार. मायक्रोवेव्ह भट्टी, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर सारे तेथेच. त्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत. एका इमारतीत वीस बिऱ्हाडे आणि वाहिन्या तीन, असा हिशेब करा. दुसऱ्या पट्ट्यात वेग अधिक, पण भिंत त्याला लवकर अडविते. मातीविटांची जाड भिंत, लोखंडी सळयांची काँक्रीटची भिंत, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे सर्व या लहरींचे शत्रू. आणि आपण राउटर कोठे ठेवतो? टीव्हीच्या मागे, कपाटाच्या कडेला, फुलदाणीच्या आड. तो दिसू नये म्हणून!

वायफायचा आणखी एक स्वभाव आहे, तो या सभागृहावरून समजेल. या क्षणी मी बोलतो आहे आणि आपण ऐकत आहात. आपल्यापैकी दहाजण एकदम बोलू लागले तर कोणाचेच कोणाला कळणार नाही. म्हणून सभेत एका वेळी एकाने बोलावयाचे असते. एका वाहिनीवरचे वायफाय असेच चालते. घरातले पाच फोन, टीव्ही आणि लॅपटॉप हे सारे हात वर करून आपल्या पाळीची वाट पाहतात, आणि शेजाऱ्याची वाहिनी तीच असेल तर त्याचे फोनही याच सभेत बसलेले असतात. पाळ्या इतक्या झरझर लागतात की एरवी ते जाणवत नाही. गर्दी झाली की आवाज तुटतो. तारेवर असे नाही. तेथे लॅपटॉप आणि राउटर दोघेच, आणि दोघांना एकाच वेळी बोलता येते व ऐकताही येते. भिंत त्यांच्या मध्ये येत नाही, शेजारी येत नाही, भट्टी येत नाही. साधी चांगली तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १,००० मेगाबिट नेते. कोणत्याही सामान्य घराला हे पुरून उरते. तिला दोनतीनशे रुपये पडतात. नव्या पातळ लॅपटॉपांना तार लावावयाचे भोक नसते, त्यासाठी एक लहानसा जोड मिळतो. तो घेताना १,००० मेगाबिटांचा आहे ना, हे पाहावे. नाहीतर ३०० ची योजना घेऊन १०० च्या जोडातून पाणी भरण्याचा प्रकार होतो.

येथे कोणी म्हणेल, मग लॅपटॉप हा मांडीवर घ्यावयाचा की खुंटीला बांधावयाचा? रास्त प्रश्न आहे. पलंगावर पडून वाचावयाचे, स्वयंपाक करता करता गाणे ऐकावयाचे, तर वायफायसारखी सोय नाही. तार त्या तासापुरती हवी, ज्या तासाला चूक परवडत नाही. तेव्हा मेजावर बसून तार लावावी आणि काम झाले की काढून ठेवावी. दागिना रोज घालीत नाहीत. पण कार्याच्या दिवशी तो कपाटात असावा लागतो.

ज्यांना आज घरी जाऊन काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी तपासणीची रीत सांगतो. रात्री नऊ वाजता लॅपटॉप तारेने राउटरला जोडा आणि वेग मोजा. मग तार काढून, राउटरशेजारी बसूनच वायफायवर मोजा. मग आपल्या नेहमीच्या जागी जाऊन मोजा. पहिला आकडाच योजनेपेक्षा फार कमी असेल तर दोष बाहेरचा आहे. तक्रार करा आणि हा आकडा सांगा. पहिला चांगला व दुसरा वाईट असेल तर दोष गर्दीचा किंवा जुन्या लॅपटॉपचा. पहिले दोन चांगले आणि तिसरा वाईट असेल तर दोष भिंतीचा. त्यावर मोठी योजना घेणे म्हणजे अंगणातला नळ रुंद करून माडीवर पाणी चढेल अशी आशा धरणे होय. मोजताना एवढे ध्यानात ठेवा की, योजना बिटांत सांगतात आणि धारिका बाइटांत मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटांवर एक जीबीची धारिका यावयास निदान ८० सेकंद लागतात. तेथे दहा सेकंदांची अपेक्षा करून भांडू नये.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. मी योजना पुन्हा ५० वर आणली. वाचलेल्या पैशांतून तीस फूट तार घेतली आणि दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीत नेली. तिला पुढे दोन मुलाखती आल्या, त्या तिने ती निळी तार लावून दिल्या. एकीत जमले नाही, दुसरीत जमले. जमले नाही त्या दिवशीही ती बाहेर येऊन म्हणाली, “या वेळी मला खरंच उत्तर आलं नाही.” त्या वाक्याने मला किती बरे वाटले, हे तिला कळले नसेल! माणसाला न्याय्य पराभव सोसवतो; भिंतीने केलेला पराभव सोसवत नाही.

या हकीकतीतून मला एक गोष्ट उशिरा कळली. राउटर टीव्हीजवळ लावा असे मी सांगितले तेव्हा घरात कोणाचे काम महत्त्वाचे, याचा निर्णय मी नकळत करून टाकला होता. करमणूक दिवाणखान्यात होती आणि अभ्यास मागच्या खोलीत होता. पुष्कळ घरांत असेच आहे. सून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून कचेरी करते, मुलगी माळ्याखाली बसून परीक्षा देते, आणि लहरी सगळ्यांत जोरकस कोठे? तर क्रिकेट चालू असते तेथे! लहरींचा नियम कठोर आहे : अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही शक्ती चौथाई उरते. मग भिंतीपलीकडे काय उरणार? तेव्हा राउटर कोठे बसवावा हे ठरविताना घरातल्या सर्वांना विचारा. जिचे काम सर्वांत नाजूक तिला आधी विचारा.

घराच्या उंबऱ्याबाहेरही हाच न्याय आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे मार्च २०२४ अखेर देशात ब्रॉडबँडच्या सुमारे ९२ कोटी जोडण्या होत्या; त्यांतल्या तारेच्या सुमारे ४ कोटी. म्हणजे फार मोठा देश अंगणातल्या नळावर उभा आहे. त्या नळाने देशावर उपकार केले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या गावात कधी टेलिफोनची तार गेली नाही तेथे फोनच्या पडद्यावर जग पोहोचले. परंतु शहरातला विद्यार्थी फायबरवर आणि खेड्यातला विद्यार्थी टेकडीवर चढून एकच परीक्षा देत असतील, तर त्या परीक्षेला समान म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेला तंतू शाळेपर्यंत आणि घरापर्यंत जातो का, हा प्रश्न आपल्या गावच्या ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. माझ्या घरी शेवटच्या पंधरा-वीस फुटांनी घोटाळा केला. तेथे शेवटचे एकदोन मैल तोच घोटाळा करतात.

सारांश, जे एका जागी बसून करावयाचे आणि ज्यात चूक परवडत नाही ते तारेवर करावे. जे हिंडता फिरता करावयाचे ते वाऱ्यावर. ज्याला शक्य आहे त्याने घरापर्यंत फायबर आणावे आणि अडीअडचणीला फोनचा हॉटस्पॉट हाताशी ठेवावा, जसा विजेच्या घरातही आपण कंदील ठेवीत असू. आणि मोठी योजना घेण्यापूर्वी एकदा आपली भिंत पाहावी.